पडद्यावरचे रफूकाम

लग्नाच्या शेरवानीला खिळा लागून बोटभर फाटले, तर चांगला रफूगर काय करतो? बाजारातून त्याच रंगाचा धागा आणून तो ती जागा भरत नाही. शेरवानीच्याच आतल्या शिवणीतून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून, तो एकेक धागा ओढून काढतो. कारण रंग कितीही जुळला तरी जुन्या कापडाने जेवढे ऊन खाल्लेले असते तेवढे नव्या धाग्याने खाल्लेले नसते. मग ताण्या-बाण्याची वीण पाहत, जिथे आडवा धागा वर येतो तिथे वर आणि जिथे खाली जातो तिथे खाली, अशी तो ती जागा विणून काढतो. काम चांगले झाले तर गिऱ्हाईकालाही फाटले कुठे होते ते शोधावे लागते.

चित्रपटाच्या व्हीएफएक्समध्ये हेच काम करणारा एक विभाग असतो. स्टुडिओत त्याला 'पेंट' किंवा 'पेंट अँड प्रेप' म्हणतात, बोलताना नुसते 'क्लीनअप'. नायकाला बांधलेली तार, चौकटीत चुकून आलेला माईक, काचेत दिसणारा कॅमेरामन, शंभर वर्षांपूर्वीच्या कथेत मागे डोकावणारा मोबाइलचा टॉवर, हे सगळे पुसायचे आणि त्यांच्या मागे जे असायला हवे होते ते भरायचे. पाहणाऱ्याला काही कळले नाही, म्हणजे काम जमले.

आपल्या घरांतून अलीकडे हा विषय वारंवार निघतो. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी 'व्हीएफएक्स शिकायचे' म्हणते, क्लासवाले लाखांच्या घरातली फी सांगतात, आणि हे काम नेमके काय असते, ते आपल्या मुलाला जमेल का, त्यावर घर चालेल का, हे अम्मी-अब्बूंना सांगणारे कोणी नसते. जाहिरातीत आग ओकणारे प्राणी आणि कोसळणाऱ्या इमारती दाखवतात. प्रत्यक्षात नव्याने भरती होणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या वाट्याला पहिली दोन-तीन वर्षे तारा पुसणे आणि माणसांच्या कडा कापणे हेच येते. कडा कापण्याच्या कामाला 'रोटो' म्हणतात. ते आणि पेंट ही सख्खी भावंडे. म्हणून या लेखात आग ओकणारे प्राणी बाजूला ठेवून पुसण्याच्या कामाबद्दलच बोलू.

हे काम आले कुठून? पूर्वी पडद्यावर माणूस उडवायचा तर तार शक्य तितकी बारीक घ्यावी लागे, मागच्या भिंतीच्या किंवा आकाशाच्या रंगात ती रंगवावी लागे आणि उजेड असा ठेवावा लागे की ती चमकू नये. तार बारीक म्हणजे माणसाच्या जिवाला धोका जास्त. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फिल्म संगणकात उतरवून दुरुस्त करून पुन्हा फिल्मवर आणणे शक्य झाले आणि हा हिशेब बदलला. 1991 च्या 'टर्मिनेटर 2' मध्ये जड मोटारसायकल खालच्या कालव्यात उडी घेते. ती गाडी प्रत्यक्षात जाड केबलींनी तोलून धरली होती आणि त्या केबली नंतर संगणकावर पुसल्या. तार लपवायची गरज उरली नाही, तेव्हा ती हवी तेवढी जाड आणि मजबूत घेता येऊ लागली. पडद्यावर ज्यांचे नावही कोणी वाचत नाही अशा पेंटवाल्यांचा स्टंट करणाऱ्या माणसांवर हा उपकारच आहे.

तीन वर्षांनी, 1994 मध्ये, 'फॉरेस्ट गम्प' आला. त्यात गॅरी सिनीस या नटाने युद्धात दोन्ही पाय गमावलेल्या लेफ्टनंट डॅनची भूमिका केली. त्याचे पाय शाबूत होते. चित्रणाच्या वेळी गुडघ्याखाली निळे मोजे घातले होते आणि नंतर प्रत्येक चौकटीतून ते पाय काढून मागची चादर, जमीन, पाणी भरले गेले. काही ठिकाणी रिकी जे या नामवंत जादूगाराच्या मदतीने बनवलेल्या चाकाच्या खुर्चीतच पाय दडवले होते. चित्रपट पाहणाऱ्या अनेकांना वाटले की नट खरोखरच अपंग आहे. त्या वर्षीचे दृश्य परिणामांचे ऑस्कर या चित्रपटाला मिळाले.

फसलेले उदाहरणही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 2017 च्या 'जस्टिस लीग' साठी काही दृश्ये पुन्हा घ्यायची होती, पण सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलने तोवर दुसऱ्या चित्रपटासाठी मिशी वाढवली होती आणि ती काढायची त्याला परवानगी नव्हती. मिशी संगणकावर काढली. जगभरच्या प्रेक्षकांनी पाहिले ते एवढेच, की सुपरमॅनचा वरचा ओठ काहीतरी विचित्र हलतो आहे. कारागीर मुळीच कच्चे नव्हते. पण माणूस जन्मल्यापासून चेहरे वाचत आलेला असतो. भिंतीची वीट चार केसांनी सरकली तर कोणाच्या लक्षात येत नाही, ओठ तेवढाच सरकला तर लहान मूलही ओळखते. शिकणाऱ्याने चेहऱ्याला शेवटी हात घालावा तो यासाठी.

सुपरमॅनचा विषय निघालाच आहे तर मालेगाव कसे विसरू? नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी तुटपुंज्या साधनांवर 'मालेगावचा सुपरमॅन' उडवला. यंत्रमागावर राबणारा तरुण नायक झाला, मागे हिरवे कापड लावले, आणि जे मुंबईत कोटींमध्ये होते ते जमेल तसे केले. फैजा अहमद खान यांच्या 2008 च्या माहितीपटात ही सगळी धडपड आहे. या कामाला लागणारी जिद्द आपल्या गावांत नवी नाही, एवढेच यातून घ्यायचे. शिस्त मात्र वेगळी शिकावी लागते.

एक तार पुसायची म्हणजे काय

समजा, चार सेकंदांचे दृश्य आहे. चित्रपटात सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे 96 चित्रे. एक तरुण गच्चीवरून उडी मारतो, त्याच्या पाठीला दोन तारा बांधल्या आहेत आणि कॅमेरा त्याच्याबरोबर डावीकडून उजवीकडे फिरतो. मागे विटांची भिंत, वर थोडे आकाश.

नवशिक्याला वाटते, फोटोशॉपमध्ये एका फोटोतून डाग काढतो तसे 96 वेळा केले की झाले. एकदा करून पाहावे. प्रत्येक चित्र वेगळे थांबवून पाहिले तर सुंदर दिसेल, पण चालवले की पुसलेली जागा चुलीवरच्या दुधासारखी खदखदायला लागते. कारण एका चौकटीत ब्रश इथे टेकला, पुढच्या चौकटीत केसभर तिथे. स्टुडिओत याला 'बॉइल' किंवा 'चॅटर' म्हणतात, आणि नव्या माणसाचा शॉट परत येतो तो बहुधा यामुळेच.

अनुभवी कारागीर पेन हातात घेण्याआधी शॉट वीस-पंचवीस वेळा नुसता पाहतो. तार कुठे आकाशावरून जाते, कुठे भिंतीवरून, कुठे तरुणाच्या बाहीवरून आणि केसांवरून? हे चार वेगळे आजार आहेत आणि चौघांवर एकच औषध चालत नाही.

भिंतीचे पाहू. कॅमेरा फिरतो आहे. विसाव्या चौकटीत तारेने झाकलेली वीट बत्तिसाव्या चौकटीत उघडी पडलेली असते, कारण तोवर तार पुढे सरकली. म्हणजे पुसण्यासाठी लागणारा धागा याच कापडात आहे, फक्त दुसऱ्या ठिकाणी. कारागीर आधी भिंतीचा माग काढतो. संगणक भिंतीवरचे ठळक ठिपके धरून ती प्रत्येक चौकटीत किती सरकली ते मोजतो, हे झाले 'ट्रॅकिंग'. मग तो हिशेब उलटा लावून दृश्य असे बांधून टाकतो की भिंत स्थिर आणि माणूस तिच्यावरून सरकतो आहे. स्थिर भिंतीवर वेगवेगळ्या चौकटींतले उघडे तुकडे घेऊन एक अखंड, तार नसलेली भिंत तयार करायची. हीच 'क्लीन प्लेट'. रंगवायचे ते या एकाच चित्रावर, एकदाच. मग काढून घेतलेली हालचाल परत द्यायची, म्हणजे ही स्वच्छ भिंत मूळ भिंतीबरोबर तंतोतंत सरकू लागते. तिच्यातला फक्त तारेपुरता पट्टा मूळ दृश्यावर बसवायचा आणि तो तरुणावर चढू नये म्हणून त्याची कड रोटो करून त्याला पुन्हा वर आणायचे. न्यूकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये 'क्लोन' आणि 'रिव्हील' असे दोन वेगळे ब्रश असतात. पहिला त्याच चित्रातली शेजारची जागा उचलतो, दुसरा दुसऱ्या चौकटीतली तीच जागा उघडी करतो. शक्य असेल तिथे दुसराच वापरावा. शेजारची वीट उचलली तर भिंतीत एकसारख्या दोन विटा दिसतात, आणि डोळ्याला जुळी चटकन सापडतात.

एवढ्यावर काम झाले असे वाटते, पण अजून अर्धे बाकी असते. फिल्मवर आणि डिजिटल कॅमेऱ्यातही चित्रावर बारीक रवाळपणा असतो, त्याला 'ग्रेन' म्हणतात. तो प्रत्येक चौकटीत बदलतो, जिवंत असतो. एका चौकटीची भिंत 96 चौकटींवर बसवली की तेवढ्या पट्ट्यातला रवा गोठतो. मोठ्या पडद्यावर तो पट्टा मेलेल्या कातडीसारखा दिसतो. म्हणून आधी ग्रेन काढायचा, काम करायचे आणि शेवटी मूळाशी जुळेल असा नवा ग्रेन चढवायचा. कॅमेरा वेगात फिरतो त्या चौकटींत भिंत पुसट होते, तर आपला पट्टाही तेवढाच पुसट हवा. ढग सरकला आणि उजेड बदलला, तर पट्ट्याचा उजेडही बदलायला हवा. यासाठी एक सुंदर युक्ती आहे: चित्राचे दोन भाग करायचे, एका भागात विटांचा खरबरीतपणा आणि दुसऱ्यात फक्त उजेड-सावली. खरबरीतपणा क्लीन प्लेटमधून घ्यायचा आणि उजेड त्या-त्या चौकटीचा ठेवायचा.

आकाश सोपे वाटते, पण तिथे रंगाच्या हलक्या पायऱ्या पडतात. बाहीवर मात्र खरेच चौकटीमागून चौकट बसावे लागते, कारण कापड प्रत्येक क्षणी नवी घडी घेते. तार जिथे पट्ट्याला जोडलेली असते तिथे सदरा वर ओढला जातो. तार गेली आणि सदऱ्याचे टोक तसेच ओढलेले राहिले, तर पाहणाऱ्याला काहीतरी खटकतेच. तारेची भिंतीवर पडलेली सावली? तीही पुसायची. केस उडतात, त्यातून तार जाते, आणि तिथे भले भले हात टेकतात.

अशा चार सेकंदांना एक दिवस लागू शकतो किंवा आठ. हे वाचून ज्या मुलाला कंटाळा आला त्याच्यासाठी हे काम नाही, आणि त्यात कमीपणाही काही नाही.

डोळा कसा तयार होतो

सॉफ्टवेअर तीन महिन्यांत येते. डोळ्याला वर्ष लागते. स्टुडिओत सुपरवायझर शॉट तपासतो तेव्हा तो नुसता पाहत नाही. चित्राचा उजेड कमालीचा वाढवतो, मग कमालीचा घटवतो. साध्या उजेडात लपलेला ठिगळाचा कडेचा रंग तेव्हा उघडा पडतो. मूळ दृश्य आणि दुरुस्त दृश्य एकमेकांतून वजा करतो. जिथे काही बदलले नाही ते सगळे काळे दिसायला हवे. तार पुसताना दहा बोटे दूरच्या खिडकीला धक्का लागला असेल तर ती काळ्यात चमकते आणि शॉट परत येतो. पेंटचा कडक नियम हाच आहे की दिलेल्या जागेपलीकडे एक ठिपकाही हलवायचा नाही, कारण पुढे त्याच दृश्यावर आणखी चार विभाग काम करणार असतात. दृश्य ही हाती सोपवलेली अमानत असते. चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत त्यातली एक चौकटही बाहेर दाखवायची नाही, असे लिहून घेतात. अनेक ठिकाणी कामाच्या जागी मोबाइल नेऊ देत नाहीत आणि कामाच्या संगणकाला इंटरनेट नसते. मित्राला फुशारकीने पाठवलेल्या एका फोटोने नोकरी जाते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

एका कामाबद्दल माझे मन अजून साशंक आहे. नटाच्या डोळ्यांखालची वर्तुळे, गालावरची सुरकुती, कमरेची वळकटी पुसण्याचे काम याच विभागाकडे येते आणि ते गुपचूप होते. तार पुसल्याने कथा खरी वाटते. सुरकुत्या पुसल्याने, तो चेहरा पाहून आरशासमोर उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलींना काय वाटते, याचा विचार स्टुडिओत कोणी करत नाही. नवख्या माणसाला काम निवडता येत नाही हे खरे. पण आपण काय करतो आहोत हे त्याला कळलेले असावे.

चित्रपटाच्या दुनियेत मुलाला पाठवायला काही घरे कचरतात. त्यांनी हेही जाणून घ्यावे की हाच हात इतरत्रही चालतो: जाहिराती, माहितीपट, मालिका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या जुन्या चित्रपटांचे राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली जतन चालू आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या फिल्मवरची धूळ, ओरखडे, बुरशीचे डाग चौकटीमागून चौकट काढणे हे अस्सल पेंटचेच काम आहे. माझ्या मते या सगळ्यात समाधान देणारे काम ते.

घरी, फुकट, फी भरण्याआधी

आता मूळ मुद्दा. हे काम मुलाला जमेल का, हे एक रुपयाही न भरता तीन महिन्यांत कळू शकते. न्यूक बनवणारी कंपनी शिकणाऱ्यांसाठी बिनव्यावसायिक आवृत्ती मोफत देते. चित्राचा आकार मर्यादित असतो, पण शिकायला तो पुरतो. डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत फ्यूजन असते. नॅट्रॉन पूर्ण मोफत आहे आणि त्यात क्लोन व रिव्हील दोन्ही आहेत. संगणक बरा हवा, पण सर्वांत महागडा नको. साधे पेन टॅब्लेट घेता आले तर घ्यावे, कारण माऊसने दिवसभर रंगवले की मनगट धरते.

चित्रण मोबाइलवर करावे. उजेड आणि फोकस आपोआप बदलू न देता कुलूपबंद करावेत. मोबाइलचा व्हिडिओ कधी सेकंदाला 30, कधी 29 चौकटी टिपतो आणि चित्र दाबून साठवतो, म्हणून आधी त्याच्या सुट्या चित्रांची मालिका करून मगच काम सुरू करावे. पहिला धडा: मोबाइल स्टुलावर घट्ट ठेवून भिंतीवरचा स्विचबोर्ड चित्रित करा आणि तो नाहीसा करा. यात ट्रॅकिंग नाही, पण ग्रेन कळतो. मग तीच भिंत हातात मोबाइल धरून, चालता चालता घ्या. मग स्विचबोर्डासमोरून धाकट्या भावाला जायला सांगा. इथे रोटो येतो. त्यानंतर झाडाच्या पानांसमोर दोऱ्याने खेळणे लटकवून हलवा आणि दोरा पुसा. शेवटी उन्हात दोऱ्याची सावलीही पुसा.

या पाच पायऱ्या. तिसऱ्या पायरीपर्यंत मूल स्वतःहून आले, रात्री जेवायला बोलावूनही 'अजून पाच मिनिटे' म्हणत राहिले, तर फीचा विचार करावा. दुसऱ्या पायरीलाच संगणकावर गेम सुरू झाला, तर तुमचे लाख रुपये वाचले. घरातल्या कोणीतरी काम पाहून 'इथे काहीतरी हलते' असे सांगणेही गरजेचे आहे. त्यासाठी तंत्र यावे लागत नाही. गोधडीचा टाका कुठे चुकला हे दुरून ओळखणाऱ्या आज्जींचा डोळा या कामी फार उपयोगी पडतो. आणि दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहायचे, ही डोळ्यांची पथ्ये पहिल्या दिवसापासून पाळावीत.

फी भरायचीच झाली तर क्लासला तीन गोष्टी विचाराव्यात. शिकवणाऱ्याने स्वतः कोणत्या शॉटवर काम केले आहे? सरावाला व्यावसायिक कॅमेऱ्याचे मूळ चित्रण देता का, की दाबलेले व्हिडिओ? मागच्या तुकडीतल्या दोघांशी आम्हाला बोलू द्याल का? 'शंभर टक्के नोकरी' असे छापणाऱ्याकडे तिसरा प्रश्न आवर्जून विचारावा. आणि व्याजाचे कर्ज काढून ही फी भरू नये, असे मला धार्मिक कारण क्षणभर बाजूला ठेवूनही वाटते. सुरुवातीचा पगार थोडका असतो आणि मुंबईत खोलीचे भाडे दिल्यावर हप्ता भरण्याइतके हातात उरत नाही.

नोकरीचे खरे चित्र

मुंबई हे या कामाचे जगातले मोठे केंद्र आहे. 1990 च्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकसच्या जागतिक व्हीएफएक्स विभागाचे 2014 मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी एकत्रीकरण झाले, आणि आज डीएनईजी नावाने ऑस्कर घेणारी ती संस्था भारतातही मोठ्या संख्येने माणसे ठेवते. परदेशी चित्रपटांचे रोटो आणि पेंट भारतात येते याचे कारण सरळ आहे: हे काम तासांवर चालते आणि इथले तास स्वस्त आहेत.

जे स्वस्त म्हणून येते ते कधीही थांबू शकते. 'लाइफ ऑफ पाय' साठी वाघ घडवणारी ऱ्हिदम अँड ह्यूज ही कंपनी फेब्रुवारी 2013 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच महिन्यात तिच्या कामाला ऑस्कर मिळाले. तिची मुंबई आणि हैदराबादलाही केंद्रे होती. 2023 मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर गेले, चित्रीकरणे थांबली, आणि पुढच्या वर्षी इथल्या टेबलांवरचे काम आटले. फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर समूह कोसळला. 'द जंगल बुक' च्या ऑस्करविजेत्या दृश्यांसाठी ओळखली जाणारी एमपीसी त्याच समूहातली. बेंगळुरू आणि मुंबईतल्या हजारो जणांची नोकरी काही दिवसांत गेली. यात कोणा कारागिराचा हात कच्चा नव्हता.

त्यात आता यंत्र शिकू लागले आहे. 2021 मध्ये न्यूकमध्ये 'कॉपीकॅट' नावाचे साधन आले. कारागीर काही चौकटी रंगवून देतो, त्यावरून यंत्र शिकते आणि उरलेल्या चौकटी स्वतः करते. दिलेल्या चौकटी कच्च्या असतील तर यंत्र तोच कच्चेपणा इमानाने सगळीकडे पसरवते, म्हणून हाताची गरज संपलेली नाही. पण जिथे आठ जण बसत तिथे तीन बसतील, हे मुलांपासून लपवू नये. त्यावर माझ्या समजुतीप्रमाणे एकच तोड आहे: पेंट हा मुक्काम न मानता पायरी मानावी. पहिल्या वर्षापासून कंपोझिटिंग, म्हणजे सगळे तुकडे एकत्र जुळवून दृश्य पूर्ण करण्याचे काम, बाजूला बसून शिकत राहावे. पेंटमधून आलेला कंपोझिटर वेगळा ओळखू येतो, कारण दृश्य कुठे फाटले आहे हे त्याला आधी दिसते. दोन वर्षे तेच तेच पुसत बसलेल्याला पुढे हलणे कठीण जाते. मुलींच्या बाबतीत मुदत जवळ आली की रात्री किती वाजेपर्यंत थांबवतात, घरी सोडण्याची गाडी आहे का, हे मुलाखतीतच मोकळेपणाने विचारावे. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा राग येत नाही.

पहिल्या नोकरीसाठी पदवीपेक्षा 'शोरील' पाहतात, म्हणजे स्वतःच्या कामाची छोटी चित्रफीत. दीड मिनिट पुरते. त्यात चार शॉट असावेत, आधी मूळ आणि मग पुसलेला. सर्वांत चांगला पहिला ठेवावा, कारण पुष्कळदा तेवढाच पाहिला जातो. वर गाणे चढवू नये. क्लासमधल्या वीस जणांनी केलेला एकच शॉट वीस रीलमध्ये पाहून निवडणारे कंटाळलेले असतात. तिथे घरच्या भिंतीवरचा, धाकट्या भावाच्या मागून नाहीसा केलेला स्विचबोर्ड उठून दिसतो. सोबत एका कागदावर प्रत्येक शॉटसमोर लिहावे: काय पुसले, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, किती दिवस लागले, आणि त्यातले नेमके कोणते काम स्वतःचे. मुलाखतीत पहिले प्रश्न त्या कागदावरूनच येतात.